लावा कोण, लावी कोण

माझ्या सासऱ्यांचा जीव तीन गोष्टींत होता. परंदवडीच्या वरच्या अंगाला असलेला खडकाळ माळ, तोंडातलं पान आणि पिंजऱ्यातला लावा. मुलगा, सून आणि नात यांचा नंबर त्यानंतर लागे. हे मी रागानं म्हणत नाही. म्हणजे थोडं रागानंच म्हणते, पण खोटं म्हणत नाही.

लावा म्हणजे मुठीत मावेल एवढासा पक्षी. रंग वाळल्या गवताचा आणि त्यावर काळ्या रेघा. उडतो कमी, धावतो जास्त. माळावर बोराटी, करवंदीची खुरटी झुडपं आणि काळे धोंडे. त्यांच्यामधून तो उंदरासारखा निसटतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, वाऱ्यानं पान हललं. लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्याचा आवाज रोज ऐकला, पक्षी एकदाही पाहिला नाही. घुर्रर्र, घुर्रर्र, पलीकडच्या वाडीत कुणी जातं ओढतंय असा तो आवाज. मी तळेगावच्या शाळामास्तरांची मुलगी. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "एवढ्या भरदुपारी दळतं कोण?" सासऱ्यांनी ती गोष्ट महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली.

पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की या पक्ष्याला दुर्लाव म्हणतात आणि खऱ्या लाव्यांशी त्याचं नातंच नाही. पण आमच्या गावात सगळे लावेच. त्यातही दोन जाती सांगत. अंगानं मोठा, गळ्याखाली काळा डाग असलेला, माळावर घुमणारा आणि दुसरा दिसला की भांडायला धावणारा, तो लावा. अंगानं लहान, फिकट, गुपचूप अंड्यांवर बसणारी, ती लावी. घुमणारा तो गडी आणि बसणारी ती बाई, यात विचारायचं काय होतं?

सासऱ्यांची लावे धरायची रीत अशी. पिंजऱ्यातला लावा माळावर नेऊन ठेवायचा आणि भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे. आपला लावा घुमला की रानातला चवताळून भांडायला येतो आणि पाय अडकून बसतो. त्याचं रात्री कालवण होई. पण कधी चुकून लावी फाशात आली, तर सासरे तिचा पाय हळूच मोकळा करीत आणि तिला सोडून देत. "लेकुरवाळीला हात लावू ने," असं म्हणत. या एका गोष्टीबद्दल गावात त्यांना मान होता आणि त्यांना स्वतःलाही फार अभिमान होता.

त्या साली त्यांच्याकडं जो लावा होता त्याला ते पैलवान म्हणत. आधीचा एकही लावा त्यांच्याकडं वर्षभर टिकला नव्हता. कुणाला मांजरानं खाल्लं, कुणी आपणच मान टाकली. हा मात्र गेल्या दसऱ्यापासून जगला होता आणि जोमानं घुमत होता. कामट्यांचा पिंजरा आणि वरून कापडाचं छत, कारण हा पक्षी दचकला की सरळ वर उसळतो आणि डोकं फोडून घेतो. त्याला निवडलेली बाजरी मिळे, वारुळातली वाळवी मिळे. पिंजरा साफ करण्याचं काम माझं. पैलवान माझ्या बोटांना रोज चोच मारी आणि सासरे ओसरीवरून म्हणत, "मर्द हाय त्यो, मर्द!"

ही सगळी गंमत मी गंमत म्हणूनच घेतली असती. पण वैशाखात पुण्याहून पत्र आलं.

लग्नाआधी मी मराठी सातवीची परीक्षा पास झाले होते. वडिलांनी माझ्या नावानं पुण्याला शिक्षिकांच्या ट्रेनिंगसाठी अर्ज धाडला होता आणि मला जागा मिळाली होती. एक वर्ष पुण्याला राहायचं. पास झाले, तर लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी नक्की, असं तिथल्या मोठ्या बाईंनी वडिलांना सांगितलं होतं. पत्रासोबत एक कागद होता. घरच्या कर्त्या पुरुषानं त्यावर संमती द्यायची आणि तो मंगळवारच्या टपालानं परत धाडायचा. हातात आठ-दहा दिवस होते.

मुलगी दोन वर्षांची होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. पोरीला कोण सांभाळणार, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर माझ्या यजमानांनी पत्र वाचून संपायच्या आत दिलं. "मी बघतो की तिला." ते काही थाप मारत नव्हते. पोरीला न्हाऊ घालणं, भरवणं, थोपटणं हे सगळं ते आधीपासून माझ्याइतकंच करत. रात्री ती त्यांच्याच कुशीत निजायची. शेताच्या बांधावर झोळी बांधून औत धरणारा दुसरा माणूस मी मावळात पाहिला नाही. फक्त त्यांचा स्वभाव गरीब. बापापुढं त्यांचा आवाज निघत नसे.

कागद सासऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा त्यांचे दोस्त तांबोळी चाचा येऊन बसले होते. चाचा तळेगावात पानांचा धंदा करीत. दर रविवारी सोमाटण्याला बहिणीकडं जाता-येता आमच्या ओसरीवर टेकत. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिंक टाकली आणि पिंजऱ्याकडं बोट केलं.

"लावा कधी अंड्यावर बसतो व्हय?"

एवढंच म्हणाले. कागदाला अंगठा लावायचं नाव नाही. मी दाराआडून काही बोलायला गेले, तर म्हणाले, "पाखराला कळतंय, आन तुमाला शिकल्यासवरल्यांना कळंना. गड्यानं घुमायचं, बाईनं बसायचं. देवानंच तसं केलंय, त्याला मी काय करू?"

हे वाक्य दोन दिवसांत गावभर झालं. विहिरीवर बायका मला विचारू लागल्या, "काय गं, बसला का लावा अंड्यावर?" मला त्याचं काही वाटलं नसतं, माझी जीभ माझ्याजवळ होती. पण शेतावर जाता-येता लोक माझ्या यजमानांना "ए लावी" म्हणून हाका मारू लागले. ते खाली मान घालून पोरीला खांद्यावर घेऊन चालत राहत. ते पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. मी तीन दिवस आमटीत मीठ घालायला विसरले. मुद्दाम विसरले.

शुक्रवारी मी सरपणाला माळावर गेले. वळवाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या आणि चहूकडून लावे घुमत होते. एका धोंड्याच्या बुडाशी गवतातून काहीतरी पायाजवळून सरकलं. वाकून पाहिलं, तर गवताची छोटी घुमटी आणि आत चार अंडी. मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची, मोठ्या बोराएवढी. जरा लांब जाऊन बसले, तर एक लहानगं फिकट पाखरू परत आलं आणि अंड्यांवर बसलं. मी घरी येऊन जेवताना कौतुकानं सांगितलं, "वरच्या धोंड्यापाशी लावी बसलीय, चार अंडी आहेत." सासरे म्हणाले, "बसंलच. ती बाई हाय." मला वाटलं, बोललेच नसते तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी पिंजरा साफ करायला गेले. पैलवान कोपऱ्यात फुगून उभा होता. त्यानं चोच मारली नाही. तो बाजूला झाला आणि मी पाहते तर काय, गवताच्या काड्यांवर एक अंडं! मळकट पांढरं, तपकिरी ठिपक्यांचं, मोठ्या बोराएवढं.

शहाणी बाई असती तर गप्प राहिली असती, यजमानांना बोलावलं असतं, साक्षीदार केले असते. मी तशी नाही. पिंजरा उचलला आणि तडक ओसरीवर जाऊन सासऱ्यांपुढं आदळला.

"मामंजी, तुमच्या पैलवानाचं बाळंतपण कुणी करायचं?"

सासऱ्यांनी अंडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा लाल झाला की मला माझी चूक समजली, पण बाण सुटला होता.

"माळावरनं आणून ठिवलंस!"

"माळावर चारच्या चार आहेत. जाऊन मोजा."

"पाच आसतील! येक उचललंस! कालच सांगत हुतीस न्हवं, अंडी बघितली म्हून? सासऱ्याला येडा समजतीस?"

त्यांच्या जागी मी असते, तर मीही हेच म्हटलं असतं. यजमान मध्ये पडायला आले, त्यांनाही दोन शब्द ऐकावे लागले. पोरगी रडायला लागली. मला आयुष्यात कुणी चोर म्हटलं नव्हतं. तेव्हा मी डोक्यावरचा पदर सावरला आणि सासऱ्यांच्या तोंडाकडं बघून बोलले.

"पिंजरा आजपासून तुमच्या नजरेसमोर. मी दहा हात लांब. मंगळवारी टपाल निघेपर्यंत पैलवानानं दुसरं अंडं घातलं, तर तुम्ही कागदावर अंगठा लावायचा. नाही घातलं, तर मी माझ्या हातानं पत्र चुलीत घालीन आणि पुन्हा त्याचं नाव काढणार नाही."

"बोललीस?"

"बोलले."

बोलून आत गेले आणि चुलीपुढं बसून हिशेब करायला लागले. कोंबडी रोज अंडं घालते, हे मला माहीत होतं. या बयेचं काय माहीत होतं? एकच अंडं घालून ती वर्षभर गप्प बसली असती, तर माझं शिक्षण गेलं होतं आणि तेही माझ्याच जिभेपायी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी चाचा आले आणि सगळी हकिकत ऐकून त्यांनी पायातल्या वहाणाच काढून ठेवल्या. "आता मी हितनं हालत न्हाई," म्हणाले. ओसरीवर मधोमध पिंजरा, एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला चाचा. दोघं पानं खात बसले. गावातले रिकामटेकडेही येऊन बघून जात. पैलवानानं बाजरी खाल्ली, धुळीत लोळला, दोनदा घुमला. अंडं काही दिसेना. दिवे लागायच्या वेळी चाचा सोमाटण्याला बहिणीकडं गेले आणि सासऱ्यांनी मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "गडी त्ये गडीच." पिंजरा त्यांनी उशाशी घेतला आणि दाराला आतून कडी लावली.

सोमवारी सकाळी चाचा उजाडताच हजर. मी भाकऱ्या थापत होते. पहिली करपली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. यजमान पोरीला घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी चुलीतला जाळ मागं ओढला. मला वाटलं, मंगळवार जाऊ दे, काही झालं नाही तरी हा माणूस आहे. आणि लगेच वाटलं, याच माणसाला हे लोक हसतायत.

तेवढ्यात बाहेरून चाचा ओरडले.

"सूनबाई! आगं भायेर ये! बिगीबिगी ये!"

मी हाताला पीठ लागलेलं तसंच धावले. पैलवान कोपऱ्यात पंख जरा पसरून उभा होता, चोच उघडी, धाप लागलेली. आणि त्याच्या पायांमागं अंडं. अजून ओलं होतं. सासऱ्यांनी आत हात घातला. या वेळी चोच बसली नाही. त्यांनी अंडं तळहातावर घेतलं आणि चाचांपुढं धरलं.

"ऊन हाय रे," ते म्हणाले.

"मग? थंड आसतंय व्हय?" चाचा म्हणाले. "म्या सोता बघितलं. तुज्या म्होरं घातलंय. आता काय म्हनशील, सूनबाईनं फुंकर मारून घातलं?"

ओसरीवर जमलेले लोक हसले आणि मीही हसले. मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता हसले. असं हसू मला आधी कधी आलं नव्हतं. जिंकल्याची चव काय असते ते त्या दिवशी मी चाखलं आणि मला ती लाडवापेक्षा गोड लागली. सासऱ्यांची दया वगैरे मला मुळीच आली नाही. ती नंतर आली.

सासरे उठले. "चल," मला म्हणाले, "दाव कुटं बसलीया ती."

आम्ही सगळे माळावर गेलो. यजमान पोरीला घेऊन, चाचा वहाणा हातात घेऊन. धोंड्यापासून वीस पावलांवर बसलो. फिकट पाखरू घुमटीत बसलेलं होतं, नीट पाहिलं तर पाठ दिसत होती. पलीकडच्या बोराटीखाली काळ्या गळ्याचा मोठा लावा निघाला, ऐटीत घुमला, दुसऱ्या बाजूनं कुणी जबाब दिला तसा तिकडं भांडायला पळाला. अंड्यांकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"मामंजी," मी म्हणाले, "काळ्या गळ्याचा घुमणारा अंडं घालतो, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. मग हा जो बसलाय, तो कोण?"

चाचा हळूच म्हणाले, "बाप हाय त्यो."

सासरे पुढं वाकून ती पाठ निरखू लागले. मग त्यांच्या तोंडून जे निघालं, त्याची मला अपेक्षा नव्हती.

"मंजे आमी आजपतूर कालवनात घातल्या त्या समद्या बाया." त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "लेकुरवाळीला हात लावू ने म्हनत हुतो आन तिलाच खात हुतो."

तेव्हा मला दया आली. म्हाताऱ्याच्या आयुष्यातलं एकच पुण्य, तेही एका शब्दानं उलटं फिरवलं होतं. गावानं घुमणाऱ्याला लावा म्हटलं, बसणाऱ्याला लावी म्हटलं, आणि त्या नावांवर विसंबून त्यांनी उभा जन्म काढला. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.

"तसं नाही मामंजी," मी म्हणाले. "तुम्ही सोडलंत ते बरोबरच सोडलंत. लेकरं ज्याच्या अंगावर होती, त्यालाच सोडलंत. तुमच्या हातून एकही पिल्लू पोरकं झालं नाही."

ते यजमानांकडं वळले. यजमान पोरीच्या पायातला काटा काढत होते. एका हातानं पाऊल धरलं होतं, दुसऱ्या हातानं तिचे डोळे झाकले होते, आणि ती हसत होती. सासऱ्यांनी ते असं पाहिलं, जणू रोज दिसणारी गोष्ट त्यांना आज पहिल्यांदा दिसत होती.

घरी आल्यावर त्यांनी कागद मागितला. शाई नव्हती. त्यांनी तव्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली, अंगठा बुडवला आणि कागदावर असा दाबला की मला वाटलं फाटतोय. पैलवानाला त्याच संध्याकाळी माळावर नेऊन सोडलं. मला विचारलंत तर मला तिची चोच आठवते आणि ती गेल्याचं वाईट वाटतं. मंगळवारच्या टपालानं कागद गेला.

पुण्याला निघाले त्या दिवशी सासऱ्यांनी माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली. यजमान घ्यायला गेले, तर त्यांना म्हणाले, "तू पोरीला घे." तळेगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभे होतो, तोवर शेजारच्या गावचा एक ओळखीचा गृहस्थ पुढं आला. मिशीला पीळ देत त्यानं विचारलं, "काय आबा, सून निघाली शिकाया? आन पोर कोन सांभाळनार? हा?" आणि यजमानांकडं पाहून हसला.

यजमानांनी नेहमीप्रमाणं मान खाली घातली. सासऱ्यांनी ट्रंक खाली ठेवली.

"त्योच सांभाळनार. त्यो दमला तर मी हाय." साऱ्या फलाटाला ऐकू गेलं. "आन तुला काय हसायचं आसंल त्ये माज्या तोंडाकडं बघून हास. माज्या ल्योकाकडं बघून हसायचं न्हाई."

तो गृहस्थ मिशी सोडून चालता झाला. यजमानांनी मान वर केली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण बापाशेजारी ताठ उभे राहिलेले ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

गाडी आली, मी बायकांच्या डब्यात चढले, ट्रंक आत आली. पोरीनं आजोबांचं पागोटं ओढायला सुरुवात केली होती आणि माझ्याकडं तिचं लक्षही नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी हसत होते. गाडी हलली तशी मी खिडकीतून ओरडले,

"तिला दुपारी ताक देऊ नका! खोकला होतो!"

"म्हाईत हाय!" बाप-लेक एकदमच ओरडले.